विखुरलेल्या लहरी आणि आपल्या पायाखालची जमीन

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात विद्यार्थ्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हास आजच्या कार्यक्रमासाठी 'बचतीचे महत्त्व' हा विषय दिला होता. आम्ही बँकेत कारकून, तेव्हा विषय योग्यच होता. परंतु आम्ही विनंती करून तो बदलून घेतला. आज आम्ही जमिनीखालच्या लहरींविषयी बोलणार आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर आहोत. विज्ञानाचे पुस्तक दहावीनंतर आमच्या हातून सुटले. तेव्हा हा माणूस या विषयात कशाला शिरला, असे आपणास वाटणे साहजिक आहे. त्याचे कारण आधी सांगतो.

4 डिसेंबर 2024 ची सकाळ आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. दोन दिवसांवर महापरिनिर्वाण दिन होता. मुंबईला निघणाऱ्या मंडळींची बांधाबांध चालली होती. सकाळी 7 वाजून 27 मिनिटांनी तेलंगणातील मुलुगू जिल्ह्यात 5.3 तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याचा हादरा गडचिरोली, चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत जाणवला. आमच्या घरी मांडणीवरची भांडी वाजली, पंखा हलला. आम्ही अंगणात आलो तर अख्खी गल्ली बाहेर. पहिला प्रश्न सर्वांच्या तोंडी एकच, "कोणत्या खाणीत उडवलं?" आपल्याकडे सुरुंगाची सवय झालेली आहे. परंतु सकाळी साडेसात ही काही सुरुंगाची वेळ नव्हे.

आमच्या शेजारी एक वृद्ध मावशी राहतात. त्या भिंतीला हात लावून उभ्या होत्या. आम्हास म्हणाल्या, "बाबू, सुरुंगाचा दणका एकदाच बसते. हे इतका वेळ काहून थरथरत होतं गा?" आणि मग हळूच म्हणाल्या, "खालून सारं पोखरलं आहे म्हणतात. गाव खाली जाईल का?"

आम्ही त्यांना "काही होत नाही मावशी" असे सांगून मोकळे झालो. बँकेत गेलो, पण दिवसभर ते उत्तर आम्हास टोचत राहिले. काही होत नाही, हे आम्हास कोणी सांगितले होते? आम्ही तर काहीच जाणत नव्हतो. एका भ्यालेल्या माणसाला आम्ही माहिती म्हणून निव्वळ धीर दिला होता. त्या दिवसापासून आम्ही वाचू लागलो, भूगर्भशास्त्र शिकविणाऱ्या एका परिचित प्राध्यापकांना विचारू लागलो. आजचे भाषण म्हणजे मावशींच्या दोन प्रश्नांना आम्ही उशिरा दिलेले उत्तर आहे.

पहिला प्रश्न, थरथर इतका वेळ का?

भूकंप म्हणजे जमिनीखालील खडक ताण असह्य होऊन एका भेगेवर सरकणे. मुलुगूसारख्या भूकंपात हे सरकणे फार तर एक-दोन सेकंदांत आटोपते. मुलुगूच्या त्या जागेपासून राजुरा सुमारे पावणेदोनशे किलोमीटर. खडकातून सर्वांत वेगाने धावणाऱ्या प्राथमिक लहरी सेकंदाला सुमारे सहा किलोमीटर जातात, म्हणजे त्या अर्ध्या मिनिटाच्या आत आपल्याकडे पोचल्या. दुय्यम लहरींचा वेग सेकंदाला साडेतीन किलोमीटरच्या आसपास. त्या आणखी वीसेक सेकंदांनी आल्या. या दोन लहरी वेगवेगळ्या ओळखण्याचे काम रिचर्ड ओल्डहॅम या शास्त्रज्ञाने केले. ते आपल्या भारताच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात नोकरीस होते आणि 1897 च्या आसामच्या महाभूकंपाचा अभ्यास करताना त्यांना हे उमगले. पुढे 1906 साली याच लहरींच्या आधारे पृथ्वीच्या पोटात वेगळा गाभा आहे हे त्यांनी दाखविले. पृथ्वी न खणता तिच्या पोटातले सांगता येते, याचा हा मोठा पुरावा होता.

पण मग दोन हिसके बसून काम संपायला हवे होते. संपले नाही. कारण वाटेत जमीन एकसारखी नाही. कुठे कठीण खडक, कुठे भेग, कुठे वाळूचा थर, कुठे पाणी. प्रत्येक ठिकाणी लहरीचा थोडा भाग आडवातिडवा फेकला जातो. यालाच लहरींचे विखुरणे म्हणतात. हे विखुरलेले तुकडे लांबची वाट चालून उशिरा पोचतात, पुष्कळ दिशांनी पोचतात आणि त्यामुळे थरथर लांबते.

आपल्या जंगलातले उदाहरण घ्या. चंद्रपूरच्या परकोटासमोर उभे राहून हाक मारली तर एक स्वच्छ प्रतिध्वनी येतो. ते परावर्तन. तीच हाक सागवानाच्या जंगलात मारा. एक प्रतिध्वनी येत नाही, पण हाकेनंतर क्षणभर सगळीकडून एक घुमार ऐकू येतो. ते विखुरणे. परकोट एक आहे, म्हणून उत्तर एक. झाडे हजार आहेत, म्हणून हजार बारीक उत्तरे एकमेकांत मिसळलेली.

आता आमच्या बँकेतला एक शब्द वापरतो. बँकेत सस्पेन्स खाते नावाचे एक खाते असते. ज्या रकमेचा धनी सापडत नाही, जी नोंद कशाशी जुळत नाही, ती तात्पुरती त्या खात्यात टाकून दिवसाचा हिशेब पूर्ण करायचा. भूकंपशास्त्रातही बरीच वर्षे असेच चालले होते. भूकंपमापकाच्या कागदावर पहिली लहर कुठे, दुसरी कुठे, एवढे मोजायचे. त्यामागून येणारे लांबलचक वेडेवाकडे शेपूट कशाशीच जुळत नव्हते, म्हणून ते बाजूला राहायचे.

1969 साली केइती आकी या जपानमध्ये जन्मलेल्या शास्त्रज्ञाने हे शेपूटच अभ्यासाला घेतले. पुढे 1975 मध्ये त्यांनी बर्नार्ड शुए यांच्यासह दाखविले की हे शेपूट म्हणजे भूभागात सर्वत्र विखुरलेल्या लहरींची बेरीज आहे. गंमत अशी की एकाच भूभागातील यंत्र भूकंपाच्या जवळ असो वा दूर, शेपटाचा उतार सारखाच येतो. म्हणजे हे शेपूट केवळ भूकंपाविषयी नव्हे, तर त्या संपूर्ण भूभागाच्या घडणीविषयी बोलत असते. जमीन किती भेगाळलेली आहे, किती ठिकाणी तुटलेली आहे, याची साक्ष त्यात असते.

त्याच 1969 साली आणखी एक घटना घडली. 20 नोव्हेंबरला अपोलो 12 च्या अंतराळवीरांनी आपले काम संपलेले यान मुद्दाम चंद्रावर आदळविले आणि तेथे ठेवलेल्या यंत्राने कंपने नोंदविली. पृथ्वीवर अशी कंपने काही मिनिटांत विरली असती. चंद्र सुमारे तासभर थरथरत राहिला. चंद्राचा वरचा थर उल्कांच्या माऱ्याने चुराचुरा झालेला, आणि तिथे लहरी शोषून घेणारे पाणी नाही. म्हणून लहरी आतल्या आत आपटत, विखुरत राहिल्या. आमच्या मावशींनी जो प्रश्न विचारला, तोच प्रश्न त्या वर्षी मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी चंद्राबाबत विचारला होता, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. प्रश्न लहान माणसाचा म्हणून लहान नसतो.

आता या विखुरलेल्या लहरींतून चित्र कसे काढतात ते पाहू. रात्री गावात कुठेतरी मोठा फटाका फुटला, असे समजा. चार वाड्यांतल्या चार माणसांनी आवाज ऐकला आणि प्रत्येकाने नेमकी वेळ लिहून ठेवली. आवाजाचा वेग आपणास माहीत आहे. चौघांच्या वेळा समोर ठेवल्या की फटाका कुठे फुटला ते काढता येते. जमिनीखालचा प्रत्येक दगड, प्रत्येक भेग, प्रत्येक पोकळी लहर आदळल्यावर अशा फटाक्यासारखीच वागते. तिथून नवी लहर चारी दिशांना निघते.

म्हणून जमिनीवर ओळीने शेकडो जिओफोन, म्हणजे जमिनीचे कान, रोवतात. मग लहान सुरुंग उडवितात किंवा वजनदार हातोडा आपटतात. सर्व कानांची नोंद संगणकात जाते. संगणक जमिनीखालील एकेक बिंदू घेतो आणि विचारतो, लहर येथून विखुरली असती तर कोणत्या कानावर कितव्या क्षणी पोचली असती? त्या त्या क्षणाच्या नोंदी तो काढून एकत्र मिळवतो. नोंदी एकमेकींशी जुळल्या तर बेरीज मोठी होते आणि तो बिंदू चित्रात उजळतो. न जुळल्या तर एकमेकींना खोडून टाकतात. असे लाखो बिंदू तपासले की जमिनीच्या पोटाचे चित्र तयार होते. आमच्या दृष्टीने हे संध्याकाळी कॅश जुळविण्यासारखे काम आहे, फक्त नोंदी कोट्यवधी.

यात एक अडचण आहे आणि ती खास आपल्या महाराष्ट्राची आहे. राज्याचा मोठा भाग काळ्या अग्निजन्य खडकाखाली झाकलेला आहे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या सुमारास लाव्हाचे थरावर थर साचले. प्रत्येक थराचा मधला भाग कठीण, वरचा सच्छिद्र, आणि कधी दोन थरांमध्ये तांबडी माती. लहर खाली जाताना प्रत्येक थरावर विखुरते आणि खालून परत येणारा क्षीण आवाज त्या गोंगाटात बुडून जातो. हिवाळ्यात वर्धा नदीच्या पुलावर धुके असते तेव्हा गाडीचा मोठा दिवा लावला की समोर नुसते पांढरे दिसते. तसाच हा प्रकार.

उपाय काय? नदीत रोवलेल्या बांबूला लहानशी तरंग अडखळते, पण मोठी लाट त्याला जुमानत नाही, पुढे निघून जाते. खडकातही तसेच. सेकंदाला 50 कंपनांची लहर कठीण खडकात सुमारे 100 मीटर लांबीची असते. तिला काही दहा मीटरांचे थरही अडवितात. सेकंदाला 10 कंपनांची लहर 500 मीटर लांबीची असते. ती बारीक थरांना ओलांडून खोल जाते. म्हणून काळ्या खडकाखाली पाहायचे तर संथ लहरी वापराव्या लागतात आणि जिओफोन लांबवर पसरावे लागतात. मात्र संथ लहरीला बारीक वस्तू दिसत नाहीत. खोल पाहायचे की बारीक पाहायचे, यात निवड करावी लागते.

हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था 1961 साली स्थापन झाली. तिने 1972 पासून सोव्हिएत शास्त्रज्ञांच्या सहकार्याने भारतात खोल भूकंपीय मोजणी सुरू केली. 11 डिसेंबर 1967 च्या पहाटे कोयनेला 6.3 तीव्रतेचा भूकंप होऊन दोनशेच्या आसपास माणसे दगावली होती. म्हणून पुढे कोयनेच्या प्रदेशातही दोन मोजणी-रेषा आखल्या गेल्या, एक गुहागरपासून चोरोचीपर्यंत आणि दुसरी केळशीपासून लोणीपर्यंत. काळ्या खडकाची जाडी आणि त्याखाली पस्तीस-चाळीस किलोमीटरवरचा भूकवचाचा तळ, यांचे अंदाज त्यांतून मिळाले.

अंदाज शेवटी अंदाज. कॅशबुकातील आकडा आणि पेटीतली रोकड जुळावी लागते. त्यासाठी बोअर मारावी लागते. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा आम्ही शाळेत होतो. गणेश विसर्जनाची रात्र संपत होती. आठ हजारांच्या आसपास माणसे दगडमातीच्या जाड भिंतींखाली आणि धाब्याच्या जड छपरांखाली गेली. तो भाग तोवर भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याचा समजला जात होता. जमिनीवर धोक्याची कोणतीही ठळक खूण नव्हती, सारे काळ्या खडकाने झाकलेले. त्यानंतर किल्लारीला 617 मीटर खोल बोअर घेतली गेली. 338 मीटर काळा खडक, त्याखाली अवघा 8 मीटर गाळाचा थर आणि मग मूळ जुना खडक सापडला. कोयना परिसरात गोठणे येथे 2016-17 मध्ये 3000 मीटर खोल बोअर झाली. तेथे काळा खडक 1247 मीटर निघाला आणि त्याखाली गाळाचा थर नव्हता, थेट ग्रॅनाइटसारखा जुना खडक. कराड येथील केंद्र सरकारची प्रयोगशाळा हे काम पाहते.

आता राजुऱ्याकडे येऊ. आपला परिसर भूगर्भाच्या दृष्टीने श्रीमंत आहे. सास्ती, गोवरी, पोवनी भागात कोळसा. गडचांदूरकडे चुनखडी. जिवतीच्या पठारावर काळा खडक. कोळशाचे हे थर प्राणहिता-गोदावरीच्या प्राचीन खचलेल्या खोऱ्यातले. हेच खोरे खाली तेलंगणात जाते. 13 एप्रिल 1969 चा भद्राचलमचा भूकंप याच खोऱ्यातला आणि 2024 चा मुलुगूचाही याच पट्ट्यातला. मावशींच्या मनातली खाणीची शंका येथे दूर होते. मुलुगूचा भूकंप जमिनीखाली सुमारे 40 किलोमीटरवर झाला, असे राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राने नोंदविले. माणसाची कोणतीही खाण इतकी खोल जात नाही.

मात्र दुसरा प्रश्न, खाली पोखरले आहे का, हा निराळा आहे. त्याला "काही होत नाही" हे उत्तर नव्हे. आपल्या भागात जुन्या भूमिगत खाणी आहेत. एखाद्या घराखाली पोकळी आहे की नाही, हे तोंडाने सांगण्याचे काम नाही, तपासण्याचे आहे. तपासण्याचे साधनही आहे. रिकामी वा पाण्याने भरलेली पोकळी लहरींना जोरात विखुरते. उथळ पोकळी जिओफोन आणि हातोड्यानेही शोधता येते, त्यावर बोअर मारून खात्री करता येते.

अलीकडे तर याहून पुढचे पाऊल पडले आहे. 2002 साली रोएल स्नाइडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रॅनाइटच्या तुकड्यावर प्रयोग केला. तापमान किंचित बदलले. पहिल्या लहरीत फरक दिसेना, पण शेपटात स्पष्ट दिसला. कारण विखुरलेली लहर त्याच खडकातून पुन्हा पुन्हा फिरते आणि लहानसा बदल दर फेरीत साचत जातो. 2003 साली मिशेल कांपिलो आणि ॲन पॉल यांनी मेक्सिकोतील नोंदी घेऊन दाखविले की दोन यंत्रांवरील भूकंपांची शेपटे एकमेकांशी ताडून पाहिली तर, एका यंत्राच्या जागी सुरुंग उडविल्यावर दुसऱ्यावर जी लहर आली असती, ती मिळते. म्हणजे सुरुंग न लावता जमीन पाहता येते. ज्वालामुखी आणि खाणींतील खडकाचे हळूहळू होणारे बदल अशा रीतीने पाहिले जातात.

या विद्येची मर्यादाही सांगितली पाहिजे. भूकंप अमुक दिवशी होईल, हे तिच्याने सांगता येत नाही. असे सांगणारा कोणी भेटला तर त्यावर विश्वास ठेवू नका. आणि लहर फारच वेळा विखुरली तर ती कुठून आली ते समजत नाही. तेव्हा नेमके चित्र मिळत नाही, जमिनीचा सर्वसाधारण स्वभाव तेवढा कळतो.

विद्यार्थी मित्रांनो, आता खास तुमच्यासाठी दोन शब्द. आपल्या पायाखाली काय आहे, याची माहिती नकाशांत आणि अहवालांत असते. तिच्या आधारे जमिनी घेतल्या जातात, गावे उठतात, नोकऱ्या निघतात. आपण मात्र तो नकाशा वाचू शकत नाही. गावाच्या सभेत अधिकारी नकाशा उघडतात तेव्हा आपले लोक मोबदल्याचा आकडा विचारतात, कारण नकाशाला कोणता प्रश्न विचारायचा ते माहीत नसते. आमच्या पिढीने नोकरी म्हणजे बँक, शाळा, रेल्वे, कचेरी एवढेच पाहिले. तुमच्यापैकी दोघा-तिघांनी तरी बारावीला भौतिकशास्त्र व गणित नीट करावे, पुढे भूगर्भशास्त्र किंवा भूभौतिकी घ्यावी. नागपूरला भूगर्भशास्त्र शिकता येते. भूभौतिकी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात आणि धनबादला शिकता येते. एकेकाळी राजुरा निजामाच्या हैदराबाद राज्यातच होते, आणि आजही बल्लारशाहून गाडीत बसले की हैदराबाद फार दूर नाही.

ज्यांना ते जमणार नाही, त्यांनी एवढे करावे. घराच्या भिंतीला तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करून तारीख लिहावी. महिन्याने पुन्हा पाहावे. तडा खुणेपुढे गेला तर वहीत नोंद करावी. हादरा जाणवला तर वेळ, किती वेळ टिकला, काय हलले, हे लिहावे. तुमच्या मोबाइलमध्ये हालचाल मोजणारे लहानसे यंत्र असते. विज्ञान शिक्षकांच्या मदतीने तो टेबलावर ठेवून टेबलाला टिचकी मारून पाहा. पडद्यावर टिचकी आणि तिच्यामागचे शेपूट दोन्ही दिसेल. तारीख-वेळेसह लिहिलेली नोंद घेऊन गेलेल्या माणसाचे म्हणणे कचेरीत ऐकावे लागते, हे आम्ही खिडकीच्या आतल्या बाजूस बसून पाहिले आहे.

मागच्या महिन्यात आम्ही मावशींच्या घरी पेन्सिल घेऊन गेलो. भिंतीला तीन तडे होते. तिन्हींना खुणा केल्या, तारीख घातली. मावशींना सांगितले, "त्या दिवशी आम्ही तुम्हाला न समजता उत्तर दिले होते. तो हादरा खाणीचा नव्हता. घराखालचे मात्र आम्हास ठाऊक नाही. ते तपासून घ्यावे लागेल, आणि त्यासाठी आपण दोघे मिळून अर्ज करू." मावशी थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "असं सांग ना बाबू. मंग लिही अर्ज."

तो अर्ज लिहून झाला आहे. त्यावर गल्लीतल्या बावीस घरांच्या सह्या आहेत. पहिला अंगठा मावशींचा आहे.